रायफलचं चेंबर आणि काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे 'काडतूस' म्हणजे अख्खा नग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर (ठोका बसला की पेटून दारू पेटवणारी टिकली), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली बुलेट. बोलताना आपण या सगळ्यालाच 'गोळी' म्हणून मोकळे होतो. पण चेंबरचा विषय निघाला की बुलेट वेगळी आणि काडतूस वेगळं, हे डोक्यात पक्कं असावं लागतं.

काडतूस चेंबरमध्ये बसलं, बोल्टही बंद झाला. म्हणजे ते योग्यच ना?

नाही. या विषयातली सगळ्यात घातक समजूत हीच. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाच्या आकाराची कोरलेली जागा, आणि बोल्ट म्हणजे तिला मागून बंद करणारा सरकता भाग. चेंबर चुकीच्या काडतुसाला अडवेलच असं नाही. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये आरामात जातं, आणि बोल्टवर तळहाताचा जोर दिला तर थोडं मोठंही आत ढकललं जातं. बंद झालेला बोल्ट एवढंच सांगतो की काडतूस वाटेत कुठे अडलं नाही. पुढे नळीचा व्यास किती, बुलेटला सुरुवातीची मोकळी वाट किती आणि ही रायफल किती दाब सोसते, यातलं काहीही त्यावरून कळत नाही.

.३०८ विंचेस्टरची कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते ३०-३५ पीएसआय. एवढा दाब मागे येऊ न देण्याचं काम पातळ पितळी पुंगळी करते: ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूची वाट बंद होते. चेंबरचा आकार वेगळा असेल तर पुंगळीला मागून आधार मिळत नाही. आधार नसेल तिथे पितळ फाटतं आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या आणि हाताच्या दिशेने येतो.

मग खात्री करायची कशी?

तीन ठिकाणी लिहिलेलं नाव वाचायचं आणि तिन्ही ठिकाणी ते अक्षरशः एकच आहे का ते पाहायचं. पहिलं नळीवर, बहुतेक वेळा चेंबरच्या जवळ ठोकलेलं. दुसरं काडतुसांच्या खोक्यावर. तिसरं प्रत्येक पुंगळीच्या बुडावर, प्रायमरभोवती गोल ठोकलेलं, ज्याला हेडस्टॅम्प म्हणतात. खोकं वाचून थांबू नका. उरलेली काडतुसं भलत्याच खोक्यात टाकायची सवय पुष्कळांना असते.

वाचायच्या आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही चाचपा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. नळीवरचा ठसा झिजलेला असेल तर बॅटरीचा झोत सरळ न टाकता बाजूने टाका, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि ती वाचता येतात.

नळीवर नुसतं '७.६२' किंवा '७ एमएम' दिसतंय. तेवढं पुरेसं आहे का?

अजिबात नाही. ७.६२×३९, ७.६२×५१ आणि ७.६२×५४ आर ही तीन पूर्ण वेगळी काडतुसं आहेत. पुढचा आकडा पुंगळीची मिलिमीटरमधली लांबी सांगतो, आणि 'आर' म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड, रिम. पहिला आकडा नावापुरता सारखा असला तरी प्रत्यक्ष बुलेटचा व्यासही सारखा नसतो: ७.६२×५१ ची बुलेट ७.८२ मिमीची, तर ७.६२×३९ ची साधारण ७.९ मिमीची.

नावातल्या अर्धवटपणाने कंपन्याही गोत्यात आल्या आहेत. रेमिंग्टनने १९५७ मध्ये .२८० रेमिंग्टन आणलं आणि १९७९ मध्ये त्याच काडतुसाला '७ एमएम एक्सप्रेस रेमिंग्टन' असं नवं नाव दिलं. लोक त्याची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमशी गल्लत करू लागले. शेवटी जुनं नाव परत आणावं लागलं.

दुकानात 'तीनशेची द्या' म्हणू नका. .३०० विंचेस्टर मॅग्नम, .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, .३०० वेदरबी, .३०० सॅव्हेज आणि .३०० ब्लॅकआउट ही पाच वेगळी काडतुसं आहेत. पूर्ण नाव घ्या आणि हातात आलेलं खोकं वाचा.

.३०० ब्लॅकआउट आणि ५.५६ बद्दल एवढी ताकीद का देतात?

कारण ही चूक करायला सगळ्यात सोपी आहे आणि ती रायफल फोडते. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी मुळात ५.५६ ची पुंगळी आखूड करून केलेली आहे: ४४.७ मिमीची ३४.७ मिमी. बुडाचा व्यास तोच, बोल्ट तोच, मॅगझिनही तेच. एआर-१५ घराण्याच्या रायफलमध्ये फरक असतो तो फक्त नळीचा. बुलेट मात्र ७.८२ मिमीची, आणि ५.५६ च्या नळीसाठी बुलेट लागते ५.६९ मिमीची.

आत घडतं ते असं. ब्लॅकआउटचं आखूड काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये पुढे सरकतं आणि बुलेटचं नाक चेंबरच्या मानेशी, म्हणजे पुढच्या अरुंद भागाशी, टेकतं. बुलेट लांब, निमुळती असेल, किंवा पुंगळीत सैल बसलेली असेल, तर बोल्टच्या धक्क्याने ती मागे पुंगळीत दाबली जाते आणि बोल्ट बंद होतो. ट्रिगर दाबला की दोन मिलिमीटरने जाड असलेल्या बुलेटला पुढे वाटच मिळत नाही. दाब मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो, पुंगळीचं बूड फाटतं, बोल्ट तडकतो, मॅगझिन खालून उडतं आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो रायफलचा सांगाडा) फुगतो किंवा फुटतो.

दर वेळी बोल्ट बंद होतोच असं नाही, पुष्कळदा तो थोडा उघडा राहतो. नेमक्या त्या क्षणी कित्येक जण फॉरवर्ड असिस्टचं, म्हणजे बोल्ट हाताने पुढे ढकलायचं, बटण ठोकतात. ते कधीच करू नका. बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर मॅगझिन काढायचं, काडतूस बाहेर काढायचं आणि त्याचं बूड वाचायचं.

दोन्ही रायफली बाळगणाऱ्यांनी मॅगझिनचे दोन रंग ठरवून घ्यावेत, शक्य असेल तर बनावटही वेगळी घ्यावी, आणि एका दिवशी एकच रायफल बाहेर काढावी. नुसता चिकटपट्टीचा तुकडा लावून भागत नाही, तो घामाने आणि तेलाने निघून जातो.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो एकच ना?

पुंगळ्या बाहेरून जवळजवळ सारख्या आहेत, चेंबर वेगळे आहेत. फरक थ्रोटमध्ये आहे, म्हणजे पुंगळीचं तोंड संपल्यापासून नळीचे आटे (आतल्या पिळदार खाचा) सुरू होईपर्यंतच्या जागेत. ५.५६ च्या चेंबरमध्ये ही मोकळी जागा जास्त लांब असते. बुलेट थोडं अंतर बिनअडथळा धावते आणि मग आट्यांना भिडते, त्यामुळे दाब जरा सावकाश चढतो. लष्करी काडतूस त्या हिशेबाने भरलेलं असतं. तेच .२२३ च्या आखूड थ्रोटमध्ये घातलं की बुलेट लगेच आट्यांना भिडते आणि दाब वर जातो.

व्यवहारात नियम सोपा आहे. नळीवर '५.५६ नाटो' असेल तर दोन्ही चालतात. नळीवर नुसतं '.२२३ रेमिंग्टन' असेल तर फक्त .२२३ वापरा. '.२२३ वाइल्ड' असा ठसा असेल तर ते चेंबर दोन्हींसाठी बनवलेलं आहे. लष्करी पुंगळीच्या बुडावर बहुधा वर्तुळात अधिकचं चिन्ह असतं, ती नाटोच्या प्रमाणाची खूण.

दाबाचे आकडे शेजारी ठेवून वाद घालणारे भेटतील: .२२३ साठी ५५,००० पीएसआय आणि ५.५६ साठी ६२,०००. हे आकडे वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले आहेत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. काडतुसांची प्रमाणं ठरवणारी युरोपची संस्था सीआयपी दोघांनाही एकच मर्यादा लावते. तरीही थ्रोटचा फरक खरा आहे, आणि नियम त्याच्यावरच बेतलेला आहे.

.३०८ विंचेस्टर आणि ७.६२×५१ नाटोचं काय?

इथे भीती कमी, पण काळजी उलट्या बाजूची. .३०८ ची दाबमर्यादा जराशी जास्त आहे, आणि लष्करी चेंबर थोडं लांब असण्याची मुभा असते. ही लांबी, म्हणजे हेडस्पेस (पुढे सविस्तर येईल), गेज नावाच्या मापाच्या ठोकळ्यांनी तपासतात. .३०८ च्या चेंबरसाठी गो गेज १.६३० इंचांचा (४१.४० मिमी) असतो, नो-गो १.६३४ आणि फील्ड १.६३८. काही लष्करी रायफली १.६४५ पर्यंत सेवेत ठेवल्या जात. नाटोच्या पुंगळीचं पितळ सहसा जाड असतं, ते हा ताण सोसतं. पातळ पितळाची व्यापारी .३०८ पुंगळी तशा लांब चेंबरमध्ये बुडाजवळ तुटू शकते.

आधुनिक, चांगल्या स्थितीतल्या रायफलमध्ये बहुतेक उत्पादक दोन्ही चालवायला सांगतात. जुन्या लष्करी रायफलचं हेडस्पेस मोजल्याशिवाय तिच्यात .३०८ घालू नका.

आणखी कुठल्या जोड्या घातक आहेत?

यादी लांब आहे. ज्या जोड्या घरात शेजारी शेजारी सापडतात त्या आधी सांगतो.

.२७० विंचेस्टरच्या रायफलमध्ये .३०८ चं काडतूस. दोन्हींचं बूड सारखंच, साधारण १२ मिमी. .३०८ आखूड असल्यामुळे लांब चेंबरमध्ये पुढे सरकतं, आणि तिची ७.८२ मिमीची बुलेट .२७० च्या चेंबरच्या मानेत अगदी बेताने मावते. तिथून पुढे नळी ७.०४ मिमीच्या बुलेटसाठी आहे. बोल्ट बंद करताना हाताला काही वेगळं जाणवेलच असं नाही, म्हणून ही जोडी विशेष वाईट. .२८० रेमिंग्टन आखताना मात्र हा धोका लक्षात ठेवला होता: तिचा खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो उतार) मुद्दाम सव्वा मिलिमीटरच्या आसपास पुढे ठेवला, म्हणजे ते काडतूस .२७० च्या चेंबरमध्ये बसूच नये.

.२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये .२२ लाँग रायफल. नाव 'बावीस'च, पण मॅग्नमची पुंगळी ६.१ मिमी जाड आणि लाँग रायफलची ५.७ मिमी. सैल बसलेली पुंगळी उभी चिरते आणि मागून वायू येतो. लहान काडतूस आहे, काय होणार, असं म्हणू नका. डोळ्याला तेवढं पुरतं.

८×५७ आय आणि ८×५७ आयएस. जर्मन लष्कराने १९०५ मध्ये नवं काडतूस आणलं तेव्हा बुलेट ८.०८ वरून ८.२२ मिमीवर नेली. पुंगळी तशीच राहिली, म्हणून नवं काडतूस जुन्या अरुंद नळीतही बसतं. एका 'एस' अक्षराचा फरक आहे, तो वाचा.

.३०८ च्या रायफलमध्ये .२४३ घातलं तर उलटा प्रकार: ६.१७ मिमीची बुलेट रुंद नळीतून खडखडत जाते, पुंगळीची मान फुगते किंवा फाटते, आणि गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

शॉटगनचा विषय वेगळा, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागचं चेंबर रिकामं दिसतं, आणि माणूस त्यात १२ बोअरचं भरतो. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली.

नाव तंतोतंत जुळतंय, पण रायफल जुनी आहे. काही वेगळं पाहावं लागतं?

हो. नाव जुळणं ही पहिली पायरी, रायफलची ताकद ही दुसरी.

.४५-७० गव्हर्नमेंट घ्या. हे काडतूस १८७३ च्या स्प्रिंगफील्ड 'ट्रॅपडोअर' रायफलसाठी काळ्या दारूवर बेतलं होतं. आज त्याच नावाने मजबूत लिव्हर-ॲक्शन आणि सिंगल-शॉट रायफली मिळतात आणि त्यांच्यासाठी कितीतरी जोरकस काडतुसंही मिळतात. अमेरिकेतल्या सामी या संस्थेने मर्यादा २८,००० पीएसआय ठेवली आहे ती जुन्या रायफलींचा विचार करून. खोक्यावर 'फक्त आधुनिक रायफलसाठी' किंवा '+पी' (जास्त दाबाचं) अशी सूचना असेल, तर ते काडतूस ट्रॅपडोअरमध्ये बिनतक्रार बसेल आणि ती रायफल फोडेल.

८ मिमी माउझरचंही तसंच. सामीची मर्यादा ३५,००० पीएसआय, सीआयपीची आयएससाठी ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. नाव एकच, खोकी दोन, जोर वेगळा.

हेडस्पेस म्हणजे नक्की काय?

बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे पुढे अडतं त्या जागेपर्यंतचं अंतर. काडतूस अडतं कुठे, हे त्याच्या घडणीवर ठरतं. रिमवाली काडतुसं (.३०३, ७.६२×५४ आर, .२२) रिमवर अडतात, .३०८ सारखी बिनरिमची खांद्यावर, .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी बुडाजवळच्या पट्ट्यावर, आणि .३० कार्बाइनसारखी सरळ पुंगळी तोंडाच्या कडेवर.

हे अंतर जास्त असेल तर फायरिंग पिन काडतुसाला आधी पुढे ढकलते. मग दारू पेटते, पुंगळीचा पुढचा पातळ भाग चेंबरला घट्ट चिकटतो, आणि जाड बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं. एकदा, दोनदा निभावतं, मग बूड वेगळं होतं.

याची खूण आधी दिसते: बुडापासून थोडं वर, पुंगळीभोवती फिरणारी चकचकीत बारीक रेघ. आतून तपासायला सरळ केलेल्या कागदी क्लिपचं टोक काटकोनात वाकवा, आत घाला आणि बुडापासून वर भिंतीला घासत आणा. टोक खाचेत अडलं तर ती पुंगळी गेली.

गेज वापरताना बोल्टमधून इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) आणि फायरिंग पिन काढून घ्या, चेंबर कोरडं स्वच्छ करा आणि बोल्ट दोन बोटांनी हलकेच बंद करा. गो वर तो बंद व्हायला हवा, नो-गो वर व्हायला नको. फील्डवर बंद झाला तर रायफल वापरातून काढा. गेजवर जोर लावला तर चेंबरही बिघडतं आणि मापही खोटं येतं.

नळीवर काहीच लिहिलेलं नाही, किंवा चेंबर बदललं असावं असं वाटतंय.

अंदाजाने काडतूस घालून पाहू नका. चेंबरचा साचा काढा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात, तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. चेंबर स्वच्छ करून तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा, नळीत चेंबरच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे कापडाचा घट्ट बोळा बसवायचा, धातू ओतायचा, घट्ट झाला की पुढून सळीने हळूच बाहेर ढकलायचा. मोजमाप ओतल्यापासून एक तासाने घ्यायचं. हा धातू आधी आकसतो, मग प्रसरण पावतो, आणि तासाभराने तो चेंबरच्या मापाचा असतो. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, जास्त तापवू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा.

साचा मोजून नाव ठरवणं हे गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, काम. त्याच्याकडून नळीचा व्यास आणि हेडस्पेसही तपासून घ्या, आणि नक्की झालेलं नाव नळीवर ठोकून घ्या.

दुसऱ्याने भरलेली काडतुसं वापरावीत का?

नको. ब्लॅकआउटची पुंगळी .२२३ च्या पुंगळीतून कापलेली असेल तर बुडावर '.२२३' च लिहिलेलं राहतं, म्हणजे तुमची तिसरी तपासणी तिथे खोटी ठरते. आत दारू कुठली आणि किती, हे तर बाहेरून कळतच नाही.

स्वतः भरत असाल तर पुंगळीची लांबी दर वेळी मोजा. .३०८ ची कमाल ५१.१८ मिमी, .२२३ ची ४४.७० मिमी. त्याहून लांब झालेली पुंगळी पुढे थ्रोटमध्ये दाबली जाते, तिचं तोंड बुलेटला आवळून धरतं आणि दाब उसळतो. आणि एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये घालून काढू नका. दर धक्क्याला बुलेट थोडी मागे सरकते. नव्या काडतुसाशेजारी उभं धरलं तर आखूड झालेलं दिसतं; ते झाडायचं नाही.

ट्यूब मॅगझिनमध्ये टोकदार बुलेट का चालत नाही?

ट्यूबमध्ये एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं असतं. धक्क्याने ते टोक फायरिंग पिनसारखं काम करू शकतं. .३०-३० सारख्या लिव्हर-ॲक्शनमध्ये चपट्या नाकाची बुलेट, किंवा ट्यूबसाठी मुद्दाम केलेली मऊ टोकाची.

चेंबरला तेल लावून ठेवलं तर?

साठवताना लावा, झाडण्याआधी पुसून कोरडं करा. तेलकट भिंतीला पुंगळी चिकटत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

ट्रिगर दाबला, आवाज झाला नाही किंवा नुसताच 'फुस्स' झाला.

काहीच आवाज नाही: नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, कारण दारू उशिरा पेटू शकते. रेंजचा नियम ६० सेकंदांचा असेल तर ६० थांबा. तोंड आणि हात बोल्टच्या मागच्या रेषेपासून दूर. मग काडतूस काढा.

आवाज दबका, धक्का कमी: लगेच थांबा. बुलेट नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची बुलेट तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फुटते. थोडं थांबून रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळीतून उजेड दिसतो का पाहा. दिसला नाही तर सळी घालून खात्री करा. अडकलेली बुलेट दुसरं काडतूस झाडून काढायचा विचारही करू नका.

चुकीचं काडतूस झाडलं गेलं, पण रायफल ठीक दिसते. वापरू का?

तपासल्याशिवाय नाही. आधी पुंगळी जपून ठेवा, तीच पुरावा आहे. मान नाहीशी होऊन सरळ झालेली पुंगळी, भिंतीवर काजळी, उभी चीर, सपाट झालेला किंवा छिद्र पडलेला प्रायमर, बुडावर उमटलेला इजेक्टरचा गोल ठसा: हे सगळं गनस्मिथला दाखवा.

बोल्टच्या लग्जना (बोल्ट जागेवर अडकवून धरणाऱ्या दातांना) गेलेले तडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी रंगद्रव्याची किंवा चुंबकीय तपासणी लागते. हेडस्पेस पुन्हा मोजलं पाहिजे, कारण लग्ज मागे दबले असतील तर ते वाढलेलं असतं. नळी उजेडासमोर धरून आत पाहिली की फुगलेली जागा काळपट कड्यासारखी दिसते. तसं कडं दिसलं तर ती नळी बदलावी लागते.